अनोळखी लग्नातली पहिली रांग

मुलांनो, परवा फोनवर धाकटी मला म्हणाली, "आजी, मी हल्ली थेरपिस्टकडे जाते. मला अँग्झायटी आहे. जाऊ दे, तुला नाही कळणार." मागून थोरल्याचा आवाज आला, "तिला सांगू नकोस, ती लिंबू उतरवायला सांगेल."

लिंबाचं प्रकरण मी तुमच्या जन्माआधीच उरकलेलं आहे, आणि थेरपिस्टचंही. फोनवर हे सांगता आलं असतं, पण तुम्ही दोघं मध्येमध्ये बोलता. म्हणून लिहिते. मराठी वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या. तिलाही यातलं निम्मं ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकातलं बंगळूर. आम्ही बनशंकरीत राहायचो आणि मी एका शाळेत इंग्रजी शिकवायची. माझ्या कपाटात साड्या रंगांच्या क्रमाने असत आणि वर्गात मुलं उंचीच्या क्रमाने. अशा बाईला एके दिवशी सकाळी, भर बसमध्ये, काहीही कारण नसताना वाटलं की आपण आता मरणार. छाती धडधडायला लागली, हात बर्फ झाले, जीभ टाळूला चिकटली. मी कंडक्टरला ओरडून बस थांबवली आणि भलत्याच ठिकाणी उतरून एका सायकलच्या दुकानासमोर बसले. दुकानदाराने पंप बाजूला ठेवून पाणी दिलं. मेले नाही. पण त्या दिवसापासून बस सुटली. मग बाजार सुटला, मग शाळेतली प्रार्थना, आणि शेवटी शाळाच. मी रजा टाकून घरी बसले आणि मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावत राहिले.

डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला आणि म्हणाले, "हार्ट घोड्यासारखं आहे." हे ऐकून तुमच्या आजोबांना आनंद झाला. मला राग आला. घोड्याला बसमध्ये बसावं लागत नाही.

मग वन्सं आल्या. वन्सं म्हणजे आजोबांची थोरली बहीण, मला नणंद आणि सगळ्या कुटुंबाला हायकोर्ट. त्या म्हणाल्या, "वहिनी, हे डॉक्टरचं काम नव्हे. मंगळवारी राहुकाळात देवळात लिंबाचे दिवे लाव." बनशंकरीच्या देवळात ही पद्धत आहे. लिंबू अर्धं कापून पिळायचं, साल उलटी करून वाटी करायची, तिच्यात तेलवात घालून पेटवायची. गर्दीची धास्ती घेतलेल्या बाईला वन्संनी बंगळुरातल्या सगळ्यात दाट गर्दीत नेऊन बसवलं. दोन्ही बाजूंना बायका, पुढे ज्योती, मागे रांग, नाकात जळक्या सालीचा वास. मी उठले, कुणाच्या तरी दिव्याला पदर लागला आणि चपला न घालता घरापर्यंत पळाले. वन्सं मागून ओरडत होत्या, "अगं, नैवेद्य राहिला!" देवी समजूतदार असावी. तिने मला पुन्हा बोलावलं नाही.

शेवटी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एका मानसशास्त्रज्ञ बाईंचा पत्ता दिला. घराच्या मागच्या अंगणात एक खोली होती, तिथे त्या लोकांना भेटत. कानडी बाई, माझ्याहून थोड्या लहान, चांगल्या भरलेल्या, आणि साडीच्या निऱ्या अशा की मला तिथेच उठून नीट करून द्याव्याशा वाटल्या. त्या मला मॅडम म्हणत, मी त्यांना मॅडम म्हणे. आमचं बोलणं इंग्रजी आणि कानडीत चाले. इथे मराठीत लिहिते, कारण तुमचं कानडी 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'च्या पुढे कधी गेलं नाही.

मला वाटलं होतं, कोचावर झोपवून लहानपणचं विचारतील. त्यांनी विचारलं, "कॉफी की ताक? आणि कुठे बसणार?"

मी म्हटलं, "दाराजवळ. उघडं ठेवा."

त्यांनी माझी खुर्ची दाराशी ठेवली. मग आपलीही खुर्ची ओढत तिथेच आणली. उंबऱ्यात दोन खुर्च्या मावेनात, म्हणून त्यांच्या खुर्चीचे पुढचे पाय आत आणि मागचे अंगणात. मी माझी भीती सांगायला लागले तेवढ्यात भाजीवाली फाटकातून डोकावून म्हणाली, "अक्का, सोप्पु बेका?" म्हणजे, पालेभाजी हवी का? मॅडमनी मेथीची जुडी घेतली, मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हां, सांगा. जीभ टाळूला चिकटते, मग?"

पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "आता उपाय सांगा."

"मला कसा माहीत असणार? तुमची भीती मी आजच भेटतेय. तुमची तिच्याशी जुनी ओळख. तुम्ही मला तिच्याबद्दल सांगा, मला अशा इतर भीतींबद्दल जे ठाऊक आहे ते मी सांगते. मग दोघी मिळून बघू. सरी?"

घरी येऊन मी आजोबांना म्हटलं, "बाईंना काही येत नाही." तरी पुढच्या आठवड्यात गेले. मेथी निवडायची राहिली होती बहुतेक, ती आम्ही बोलता बोलता दोघींनी निवडली.

हळूहळू आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायला लागलो. मग बसस्टॉपपर्यंत, मग बसमध्ये एक स्टॉप. मॅडम शेजारी बसून शेंगा खायच्या. मी म्हणे, "येतेय, येतेय," आणि त्या म्हणत, "येऊ दे, तिलाही तिकीट काढू." किती वर चढली, आता कुठे आहे, उतरायला लागली का, असं त्या विचारत. जणू कुणी पाहुणी जिना चढून येत होती. मला जे जमणार नाही असं मी म्हणे ते त्या कधी रेटत नसत. फक्त विचारत, "मग यातलं अर्धं जमेल का? सरी, एन माडोणा?" म्हणजे, बरं, काय करूया आपण?

अशात तुमच्या आईचं लग्न ठरलं. तुमचे बाबा पुण्याहून इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आले होते आणि पुणेरी मराठीत रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत होते. घरात सगळ्यांना आनंद, मला सोडून. लग्न म्हणजे छत्र. इथे कार्यालयाला छत्र म्हणतात. छत्र म्हणजे माणसंच माणसं, मध्ये मी, आणि दार लांब.

वन्संनीच मला वाचवलं. म्हणाल्या, "आपल्यात मुलीच्या आईने मंगलाष्टका बघायच्या नसतात. अंतरपाट धरला की तू मागे जाऊन तुळशीला पाणी घालायचंस." आयुष्यात पहिल्यांदा मला रूढी आवडली. मी इतक्या उत्साहाने हो म्हटलं की वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या नातेवाइकांत बातमी गेली की इंग्रजी शाळेतली बाई असूनही वहिनी किती पाळते.

फक्त तुमची आई एका दुपारी बांगड्या बघताना म्हणाली, "आई, तू समोर असशील ना? मला मान वर केली की तू दिसायला हवीस." मी म्हटलं, "अगं, पद्धत आहे." तिने बांगड्या काढून परत खोक्यात ठेवल्या. तिला पद्धतीचं सगळं कळत होतं, आणि माझंही.

मी मॅडमना तुळशीचं सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील.

त्यांनी विचारलं, "तुम्हाला बघायचंय का लग्न?"

"प्रश्न तो नाही."

"मी तोच विचारतेय. तुम्हाला मनापासून पाणी घालायचं असेल तर तांब्या भरून द्यायला मी येते. भीतीने घालायचं असेल तर थोडं काम आहे. ठरवायचं तुम्ही."

मी ताक संपवलं. मग म्हटलं, "मला बघायचंय."

"आणि भीती काय म्हणते?"

"म्हणते, मी सगळ्यांसमोर मरणार."

"मग?"

"मग लग्न थांबणार. एवढा स्वयंपाक वाया जाणार."

"म्हणजे मेल्यावरही जेवणाची व्यवस्था तुमच्याकडेच?"

मी हसले. हसताना लक्षात आलं की मी दाराकडे पाठ करून बसले आहे.

सराव कसा करायचा यावर खूप चर्चा झाली. बस होऊन गेली होती, बाजार होऊन गेला होता. लग्नाचा सराव लग्नातच होणार, आणि आमच्या ओळखीत त्या महिन्यात कुणाचं लग्न नव्हतं. अनोळखी लग्नात शिरायची कल्पना कुणाची यावरून मॅडमनी आणि मी पुढे कायम वाद घातला. माझ्या मते त्यांची. मुहूर्ताचे दिवस होते, गल्लोगल्ली केळीचे खांब बांधलेली छत्रं होती. रेशमी साड्या नेसून आत शिरायचं, शेवटच्या रांगेत दाराशी बसायचं, भीती येईल ती बघायची आणि निघायचं. जेवायचं नाही, असं मी बजावलं. तरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून एक स्टीलचा डबा कागदात बांधून नेला.

आत शिरलो मात्र, आणि दारातच एका पगडीवाल्या आजोबांनी हात जोडले. "बन्नि, बन्नि! गंडिन कडेना, हेण्णिन कडेना?" मुलाकडच्या की मुलीकडच्या?

याचा विचार आम्ही केलाच नव्हता. मी मॅडमकडे पाहिलं. इतक्या लोकांना धीर देणारी ही बाई, तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. "आम्ही... ते..." म्हणत त्या माझ्याच पदराला धरून उभ्या. मला त्यांची दया आली, आणि तोंडातून आपोआप वर्गातला आवाज निघाला. "मी मुलाची इंग्रजीची बाई."

आजोबा विरघळलेच. "टीचर! गुरू!" असं ओरडत त्यांनी गर्दी बाजूला सारली आणि आम्हाला थेट मांडवासमोर पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. उजवीकडे नवरदेवाची आत्या, डावीकडे मॅडम, मागे सगळं छत्र. दार कुठे आहे हेही दिसेना.

"मॅडम," मी पुटपुटले, "येतेय."

"मला पण," त्या म्हणाल्या. "आपल्याला पकडतील."

"गप्प बसा. शेंगा आणल्यात का?"

ती आली, मुलांनो. अगदी पहिल्या बसमधल्यासारखी. नादस्वरम् छातीत वाजत होतं की छाती स्वतःच, कळेना. पण उठायचं तर नवरदेवाच्या आत्येला ओलांडून, आणि ती आत्या ओलांडण्याजोगी नव्हती. मी बसून राहिले. मॅडमचा हात घट्ट धरला. तो माझ्याहून गार होता. भीती वर वर चढली, आता टोक येणार म्हणून मी वाट बघत राहिले, आणि टोकाला पोचल्यावर तिला पुढे काय करावं ते सुचेना. तेवढ्यात कुणीतरी हातावर अक्षता दिल्या. मी त्या टाकल्या. भीती उतरत होती. मला चक्क भूक लागली होती.

मग पगडीवाले आजोबा नवरदेवालाच घेऊन आले. बिचाऱ्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं, शाळेतल्या सगळ्या बाया मनात फिरवून बघितल्या आणि शेवटी वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "गॉड ब्लेस यू. हस्ताक्षर सुधारलं का?" तो लाजून म्हणाला, "ट्राय करतोय, मिस."

केळीच्या पानावर जेवूनच निघालो. बजावणारी मीच होते, पण आजोबा सोडेनात. जाताना पद्धतीप्रमाणे प्रत्येकीला नारळ-विड्याची कापडी पिशवी मिळाली, तिच्यावर वधूवरांची नावं छापलेली. ती बघून कळलं आम्ही कुणाच्या लग्नाला आलो होतो ते. रस्त्यावर आल्यावर मॅडम कठड्याला टेकून इतक्या हसल्या की त्यांच्या निऱ्या सुटल्या. त्या मी नीट करून दिल्या. फार दिवसांची इच्छा होती.

तुमच्या आईच्या लग्नात अंतरपाट धरला आणि वन्सं तांब्या घेऊन आल्या. "चल वहिनी, मागे."

मी म्हटलं, "वन्सं, मी इथेच उभी राहणार आहे."

"अगं, पद्धत!"

"तुम्ही थोरल्या. तुमच्या हातचं पाणी तुळशीला जास्त मानवेल."

त्या रागाने गेल्या आणि भरपूर पाणी घातलं. कुंडी वाहून ओसरीवर चिखल झाला. पुढे आयुष्यभर त्या सांगत राहिल्या की माझ्यामुळे त्यांच्या भाचीच्या मंगलाष्टका हुकल्या, आणि ते खरं आहे.

भीती आली होती. तिला तर आमंत्रण होतं. हातातल्या अक्षता घामाने चिकटल्या होत्या. शेवटच्या रांगेत मॅडम बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना विचारत होतं कुणाकडच्या म्हणून, आणि त्या ऐटीत सांगत होत्या, "मुलीच्या आईकडची." त्यांनी मला खूण वगैरे काही केली नाही. अंतरपाट खाली आला. तुमच्या आईने आधी तुमच्या बाबांकडे बघायला हवं होतं. तिने मान वळवून मला शोधलं. मी होते.

फोटोत तुमचे बाबा हार हातात धरून ताटकळताना दिसतात ते त्यामुळे.

मॅडम आता नाहीत. त्यांच्या अंगणात लिफ्टवाली इमारत आहे. वन्संही गेल्या. भीती अजून येते, कधी बँकेत, कधी लिफ्टमध्ये. येते, बसते आणि जाते. नारळ-विड्याची ती माझी पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला आहे. त्या दोघांची नावं धुऊन धुऊन पुसट झाली आहेत, पण वाचता येतात. तिच्यात मी कपड्यांचे चिमटे ठेवते.