पोटाची हजेरी

बायका सवतीवर जळतात, जावेवर जळतात, शेजारणीच्या नव्या लुगड्यावर जळतात. मी उभ्या जन्मात मनापासून जळले ती एका पुरुषावर, आणि तोही असा, की ज्याला साधी खिचडी न करपवता चुलीवरून उतरवता येत नव्हती. ते माझ्या मुलाचे गुरुजी. आमचं गाव ब्रह्मपुरीपासून दोन घटका बैलगाडीनं, वैनगंगेच्या अंगाला, पुढे धानाच्या बांध्या आणि मागे जंगल. या गावात मी सून म्हणून आले ती स्वयंपाकाचं नाव घेऊनच आले. लग्न कोणाचंही असो, वड्यांची डाळ माझ्या देखरेखीखाली वाटली जायची, आणि माझा वडाभात खाऊन उठलेला माणूस अंगणात दोनदा तरी थबकायचा, कारण पोट त्याला चालू देत नसे. हे मी फुशारकीनं सांगत नाही, गावात कोणालाही विचारा. आणि असं असताना माझा एकुलता एक मुलगा, बबन, माझ्या हातचं काही म्हणता काही खात नव्हता.

साखर-भात. सकाळी साखर-भात, संध्याकाळी साखर-भात. भाजीचा घास भरवला तर तो गालात धरून बसायचा, आणि दोन तासांनी मी पाहावं तर घास तिथंच. मी रागवायची, रडायची, नवस बोलायची. आमचे हे अंगणात सुपारी कातरत म्हणायचे, "घर की मुर्गी दाल बराबर. तू दुसऱ्याची माय असती तर त्यानं खाल्लं असतं." त्यांनी ते गमतीनं म्हटलं, पण ते पुढे असं खरं होईल हे मला माहीत असतं तर मी त्याच दिवशी बबनचं नाव शाळेतून काढलं असतं.

गुरुजी आले राजुऱ्याकडून. उंच, वाळके, काखेत छत्री, डोक्यावर ट्रंक, आणि आल्या आल्या शाळेच्या पडवीत उभे राहून त्यांनी पोरांना पहिली आज्ञा केली ती 'जीभ दाखवा'. गावात बातमी पसरली की नवे मास्तर वैद्य आहेत. दुसऱ्या दिवशी चार म्हाताऱ्या जिभा काढून शाळेपुढे रांगेत. गुरुजींनी त्यांच्याही जिभा नीट पाहिल्या आणि एकीला सांगितलं, "आजी, तंबाखू कमी करा, अन् पोरगं रोज शिळं खाऊन येते, ते पण पाहा." म्हातारी घरी जाऊन सुनेशी भांडली. तिथून गुरुजींनी गावातल्या चुलींमध्ये जे तोंड घातलं ते बाहेर काढलंच नाही.

त्यांची हजेरी ऐकायला म्हणून वाटसरू थांबायचे. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी कोणी तसं म्हटलं तर गुरुजी म्हणाले, "अंग तर मले दिसून राह्यलं. पोट कुठी आहे ते सांग." म्हणजे सकाळी काय खाल्लं ते मोठ्यानं सांगायचं. "आंबील." "चून-भाकर." "लाखोळीची डाळ अन् भात." गुरुजी प्रत्येकाला एकच शब्द म्हणत, 'बरं', पण त्या एका बरंचे शंभर सूर होते. पाटलाच्या नातवानं एकदा 'शिळा भात' सांगितलं, तर गुरुजी असं काही 'बरं' म्हणाले की ते दुपारी विहिरीवर पोचलं आणि पाटलीणबाई आठ दिवस पाण्याला आल्या नाहीत. सगळ्या गावच्या चुली त्या हजेरीनं उघड्या पडल्या. बायका पहाटे उठून ताजं रांधू लागल्या, पोरांच्या पोटासाठी म्हणा की विहिरीवरच्या तोंडासाठी म्हणा. आणि माझा बबन रोज खणखणीत आवाजात सांगायचा, "साखर-भात." जिच्या वड्यांसाठी लोक नदी ओलांडून येतात, तिचा मुलगा रोज साखर-भात. मला विहिरीवर कोणी काही बोललं नाही, पण बोललं नाही हेच जिव्हारी लागत होतं.

सरकारातून दुधाची भुकटी आली तेव्हाची गंमत तर सांगायलाच हवी. ते दूध कढवलं की त्याला असा वास यायचा की पोरं द्रोण घेऊन शाळेमागे जात आणि ओतून येत. गावची कुत्री त्या साली फार तुकतुकीत झाली. गुरुजींनी मारलं नाही, दटावलं नाही. सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनी स्वतः एक घोट घेतला आणि इतकं वाकडं तोंड केलं की पोरं हसून लोळली. "पुन्हा करा, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "तुम्ही एक घोट, मग मी एक घोट." बबननं तसं दूध संपवलं. मी त्याला आमच्या म्हशीचं दूध, वेलची घालून, तीन वर्षं पाजत होते, तर तो आईच्या हातचा पेला पाहिला की पळायचा. त्या संध्याकाळी मी आरशासमोर उभी राहून एकटीनं तोंड वाकडं करून पाहिलं. आमचे हे मागून आले आणि म्हणाले, "दात दुखून राह्यला काय वं?" 

पण खरी आग लागली ती दुपारच्या जेवणानं. गुरुजींचा नियम असा, की घरून आणलेलं आपलं आपण खायचं नाही. मोहाच्या झाडाखाली गोल बसायचं, आपली शिदोरी उजवीकडच्याला द्यायची आणि डावीकडच्याची आपण घ्यायची. कोण कुठं बसायचं तेही त्यांनीच ठरवून दिलेलं, आणि गुरुजी स्वतःही त्याच गोलात. जातीपातीचा बोभाटा झाला नाही असं नाही. पाटील काठी घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी त्यांना बसायला दिलं आणि सवयीनं विचारलं, "पाटील, आज काय खाल्लं?" पाटीलही सवयीनं सांगून गेले, "झिंगे अन् भात." "झिंगे कोणी आणून दिले?" "कोणी म्हणजे? रामाच्या बापानं, तळ्यातून." रामा म्हणजे धीवराचा पोरगा, पाटलाच्या नातवाबरोबरच शिकणारा. "बरं," गुरुजी म्हणाले. पाटील काठी उचलून घरी गेले. तरी दोन-चार घरची पोरं काही दिवस वेगळी बसली. मग तीही गोलात परत आली, आणि त्याचं श्रेय मात्र मी कोणाला देणार नाही, कारण त्यांच्या नाकासमोरून रोज माझे वडे जात होते.

त्या गोलात रामा बबनच्या डावीकडे. तेव्हा रामाच्या घरचं बबनला. एक दिवस पोरगं घरी आलं आणि दारातूनच म्हणालं, "माय, तरोट्याची भाजी कर." मला वाटलं, देव पावला. तरोटा बांधावर उगवतो, फुकटचा पाला, पण मी तो लसूण-मिरचीची फोडणी देऊन असा केला की आमच्या ह्यांनी तीनदा घेतला. बबननं एक घास खाल्ला आणि ताट सारलं. "रामाच्या घरच्यासारखी नाई झाली." मग तर रोजच. गुरुजी म्हणतात पालेभाजी खाल्ली की अंधारात दिसते, गुरुजी म्हणतात घास चावून चावून गोड झाल्याशिवाय गिळायचा नाही. मी विचारलं, "अन् माय काय म्हणते?" तर पोरगं विचारात पडलं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी ठरवलं, डब्यातून असं पाठवायचं की पोरगं त्या गोलातही माझ्या हाताचं नाव घेईल. वडाभात, भरली वांगी, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, तुपातले पानगे. डबा रोज चाटूनपुसून परत येऊ लागला. बबनच्या गालावर मांसही धरू लागलं. मी विहिरीवर पुन्हा मान वर करून बोलू लागले. आणि एक दिवस सहज विचारलं, "पानगे आवडले काय?" बबन म्हणाला, "मले काय माहीत? ते तर सोनी खाते."

नियम मला माहीत होता, पण आईचं मन हिशेब करत नाही. मी चुलीवरची डाळ तशीच ठेवून, डोक्यावर पदर घेऊन थेट शाळेकडे निघाले. आज त्या माणसाला विचारायचंच, की बाबा रे, माझं पोरगं मला परत कधी देतोस? शाळेच्या कुडामागून गेले तर जेवणाचा गोल नुकताच बसलेला, गुरुजींची पाठ माझ्याकडे. बबनच्या उजवीकडे सोनी आणि सोनीच्या उजवीकडे गुरुजी. सोनी म्हणजे दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी करणाऱ्या एका विधवेची लेक. हजेरीत ती रोज एकच सांगायची, "वरण-भात-तूप", आणि विहिरीवर बायका त्यावर हसायच्या. बबननं माझा डबा तिच्यापुढे सारला. तिनं तो असा खाल्ला, बोटं चाटून, शेवटचं शीत टिपून, की जसा बबननं खावा म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. आणि तिची गाठोडी गुरुजींच्या मांडीवर. त्यांनी ती सोडली. आत पळसाची पानं होती, गुंडाळून गुंडाळून फुगवलेली. बाकी काही नव्हतं. गुरुजींनी फडकं अंगाशी धरलं, हात तोंडाकडे नेला, चावलं, पुन्हा नेला, पुन्हा चावलं. मग म्हणाले, "सोने, आज तुझ्या मायनं तूप लय घातलं वं." सोनी म्हणाली, "हो गुरुजी, गाय व्याली नं." त्यांच्या दारात शेळीही नव्हती. गुरुजींची स्वतःची करपलेली खिचडी पाटलाचा नातू खात होता, आणि गुरुजी उपाशीपोटी ढेकर देत होते.

मी आले तशी परतले. डाळ करपली होती. रडू आलं, आणि खरं सांगते, रडतानाही राग गेला नव्हता. माझ्या पोराला जेवायला शिकवणारा माणूस गावात रोज उपाशी राहतो आणि मी, मी सगळ्या गावाला वाढणारी, त्याला एक घास देऊ शकत नाही, कारण तो कोणाच्या घरी जेवतच नसे. म्हणायचा, "ज्याच्या घरी जेवलो त्याच्या पोराले 'बरं' कसं म्हणू?" दुसऱ्या दिवशी मी सोनीच्या मायला धान कांडायला बोलावलं. जाताना तिच्या हातात लेकीची शिदोरी दिली, वरण, भात, वरून तूप. "कोणाले सांगायचं नाई," मी बजावलं. ती म्हणाली, "सांगून मी माझीच लाज कायले काढू, बाई?" असं रोज सुरू झालं. सोनी हजेरीत पूर्वीसारखंच सांगायची, वरण-भात-तूप, आणि गुरुजीही पूर्वीच्याच सुरात 'बरं' म्हणायचे. मला मनात फार थंड वाटत होतं. तोवर एका संध्याकाळी बबन जेवता जेवता म्हणाला, "गुरुजी म्हणत होते, सोनीच्या मायसारखं वरण गावात कोणाच्याच घरी नाई."

मी पळी खाली ठेवली. आमचे हे म्हणाले, "आता काऊन जळून राह्यली?" काय सांगणार? माझंच वरण, माझंच तूप, आणि नाव सोनीच्या मायचं. त्या रात्री मी देवाला म्हटलं, देवा, या माणसानं एकदा, फक्त एकदा माझं नाव घेऊन माझं अन्न खावं, मग त्याला कुठंही ने. देवानं मागणीचा दुसरा भाग तेवढा ऐकला. गुरुजींची बदली सिरोंच्याकडे झाली.

निघताना ते घरोघर निरोप घ्यायला फिरले. मी सकाळपासून वडाभात करून बसले होते. अंगणात आले, पण उंबरा ओलांडला नाही. बबनची जीभ पाहिली, 'बरं' म्हणाले. मग माझ्याकडे वळून, कोणी ऐकत नाही असं पाहून म्हणाले, "बाई, एक सांगून जातो. सोनीच्या वरणातला हिंग अन् तुमच्या वड्यातला हिंग एकाच डबीतला आहे. ते मले पहिल्याच दिवशी वासावरून समजलं." एवढं बोलून छत्री उघडली आणि निघाले. मी एवढी बोलकी, गावाला पुरून उरणारी, पण 'गुरुजी, दोन घास खाऊन जा' एवढं काही तोंडातून निघालं नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत पोरं त्यांच्यामागे गेली. 

पुढं त्यांचं काही कळलं नाही. सोनी सासरी गेली, चार लेकरांची आई झाली. बबन वडश्याला नोकरीला आहे आणि समोर येईल ते खातो. सून म्हणते, या माणसाची तक्रारच नाही, त्यामुळे रांधायला मजा येत नाही. आमचे हे गेल्यापासून मी घरात एकटी. एका जिवासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, कधी पेटवते, कधी नाही. बबन येतो तेव्हा माझे गुडघे विचारत नाही, तब्येत विचारत नाही. चपला काढता काढता विचारतो, "माय, आज काय खाल्लं?" मी म्हणते, "वरण-भात-तूप."

"बरं," तो म्हणतो, अगदी त्याच सुरात. मग माझ्या डावीकडे येऊन बसतो, बायकोनं दिलेला डबा उघडून माझ्यापुढे सारतो आणि माझी कोरडी ताटली स्वतःच्या मांडीवर घेतो. तिच्याकडे पाहतो आणि म्हणतो, "तूप लय झालं वं, माय." मी मान खाली घालून सुनेच्या हातची भाजी खाते. चांगली असते. पण पोरगं माझं, डबा सुनेचा, आणि विचारणं मात्र अजून त्या माणसाचं, हे काही केल्या माझ्या मनातून जात नाही.