उघडं राहिलेलं शटर

पहिली लाथ माझ्या मित्राच्या पोटात बसली तेव्हा मी लांब खडकावर कॅमेऱ्यापाशी उभा होतो आणि चक्क हसत होतो. मला वाटलं, गावातलं कोणी ओळखीचं भेटलं, मस्करी चाललीय. मग तो ओरडला. माणूस असा ओरडतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

हा मित्र माझ्याच रत्नागिरीकडचा. आमच्या वाडीतून खाडी ओलांडली की त्याचा मोहल्ला. इकडे मुंबईच्या वेशीवर, सिल्व्हर पार्कात त्याचं पासपोर्ट फोटोचं टीचभर दुकान होतं आणि ऑफिसातून सुटलो की मी तिथे टेकायचो. दिवसभर "हनुवटी खाली, कान दिसू द्या" करून त्याचं डोकं उठायचं, साहेबाची बोलणी खाऊन माझं. मग पौर्णिमेच्या आसपास स्कूटर काढायची आणि उत्तनच्या पुढे किनाऱ्यावर जायचं, चांदण्यातले फोटो काढायला.

त्याची एक रीत होती. कॅमेरा स्टँडवर बसवायचा आणि शटर दहा-पंधरा मिनिटं उघडंच ठेवायचं. मी कॅमेरा सांभाळायचा. तो काळे कपडे घालून, टॉर्च घेऊन ओढून ठेवलेल्या होडीभोवती फिरायचा आणि भिंतीला चुना लावावा तसा होडीवर उजेड फिरवायचा. फोटोत होडी झगझगीत यायची, तो मात्र यायचा नाही, कारण तो एका जागी थांबतच नसे. "जो हलला तो गेला," म्हणायचा. "फिल्मला थांबलेलं तेवढंच दिसतं."

आता सांगा, आमच्याइतके शहाणे कोण असतील? समुद्रातून माणसं येऊन मुंबईत गोळ्या घालून गेली, त्याला महिनाही झाला नव्हता. किनाऱ्यावरच्या गावांना सांगितलेलं होतं, नजर ठेवा, अनोळखी दिसला की कळवा. रात्र रात्र पोरं जागत होती. आणि हा बाबा काळ्या कपड्यांत पाण्याच्या काठाशी टॉर्च वर-खाली हलवत होता. गल्लीच्या तोंडावरून बघणाऱ्याला एकच अर्थ लागणार: बोटीला इशारा देतोय.

मी धावलो. चपला खडकात राहिल्या, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपांनी तळवे कापले, ते नंतर कळलं. पोचलो तोवर दहाबारा जण त्याच्यावर तुटून पडले होते. एकाच्या हातात वल्हं होतं. मी समोर येईल त्याला हाणत सुटलो. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो, त्या दिवशी तर अंगात आल्यासारखं झालं होतं. कोणीतरी माझ्या तोंडावर ठोसा दिला, दात हातात आला. दोघांनी माझे हात मागे धरले.

"कोनाला इशारा देतोस? हिंदी नको, मराठीत बोल!"

"अरे मेल्यांनो, रत्नागिरीचा आहे मी! फोटो काढतोय, फोटो!" तो पडल्या पडल्या ओरडला. त्याची मराठी ऐकून त्यांचे हात जरा सैल पडले. मग एकाने विचारलं, "नाव काय तुझं?"

त्या दिवसांत, त्या किनाऱ्यावर, त्याचं नाव म्हणजे मरण. तो काही बोलायच्या आत मी ओरडलो, "माझा भाऊ आहे तो! सख्खा भाऊ!" आणि माझ्या धाकट्या भावाचं नाव, आडनाव, गाव, सगळं ठोकून दिलं. वल्हं खाली आलं. एक जण तर म्हणाला, "मग आदी न्हाय का सांगायचं?"

सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात हा वाळूतून मान वर करून म्हणाला, "खोटं बोलतोय तो." आणि आपलं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, गावासकट. दुकानात गिऱ्हाइकाला पावती देताना सांगावं तसं.

"गाढवा, गप मर ना!" मी किंचाळलो. त्या क्षणी मीच त्याचा गळा दाबला असता. पण वल्हं वर गेलं होतं. मित्राने तोंडावर आडवा धरलेला उजवा हात त्या फटक्याने मोडला, त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. मग त्याची हालचाल थांबली, आणि मी लहान पोरासारखा रडायला लागलो.

संध्याकाळी आम्ही एका म्हातारीच्या घरी चहा प्यायलो होतो. रात्री कोणाच्या किनाऱ्यावर फिरायचं तर आधी विचारून घ्यायचं, हा त्याचा नेम. गलका ऐकून तीच धावत आली. बोंबील वाळत घालायच्या मांडवातला एक बांबू तिने उपसला आणि पहिला रट्टा घातला तो स्वतःच्या मुलाच्या पाठीत. वल्हं त्याच्याच हातात होतं.

"माज्या घरातून च्या पिऊन गेलीत ती मानसं! मना इचारून आलीत! नावाचं काय लोनचं घालाचं हाय?" दुसरा रट्टा, तिसरा. कोणाची टाप नव्हती पुढे यायची. मग ती वाळूत बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि टेम्पो येईपर्यंत हलली नाही.

तेवढ्या वेळात मी खडकावर जाऊन शटर बंद केलं. कशाला, देव जाणे. हाताची सवय.

तो जगला. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, डाव्या हाताने बटण दाबतो. रोल त्यानेच धुवायला टाकला. शटर जास्त वेळ उघडं राहिल्याने फोटो पांढुरका आलाय, पण आलाय. दुधासारखा समुद्र, होडी, टॉर्चच्या वेड्यावाकड्या रेघा. मारणारे त्यात नाहीत. धावणारा मीही नाही. वाळूत एक आडवा माणूस आणि त्याच्या उशाशी बसलेली बाई, एवढीच दोघं आहेत.

फोटो त्याने दुकानात मोठा करून लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, "इथे कोण झोपलाय हा?"

"मी," तो म्हणतो, आणि आपलं पूर्ण नाव सांगतो, बापाच्या नावासकट. बाजूच्या स्टुलावर मी बसलेला असतो, आणि दर वेळी आधी दाराकडे बघतो.