रघुरामरावांचं चिपळ्यांचं वर्ष

मणीच्या दुकानात पितळी वाटीत कॉफी निववता निववता रघुरामराव रोज सकाळी देश चालवायचे. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, हाताला काम नाही आणि तोंडाला विश्रांती नाही. "एक वीजकेंद्र उभं राहायला दहा-दहा वर्षं जातात, मणी. एकानं पाया घालायचा आणि दुसऱ्यानं येऊन उकरायचा, असं चाललं तर देश कंदिलाच्या उजेडातच बसेल. सरकार टिकणारं हवं, आणि वर बसलेल्याचा त्यात जीव हवा." दुकानात हे तमिळमध्ये, आणि घरी आल्यावर तेच सगळं गोमतीबाईंना मराठीत. त्या बिचाऱ्या भाजी चिरत हो हो म्हणत.

आता त्यांच्या भजनमंडळीचा रिवाज ऐका. कुंभकोणमची ही बारा मराठी घरं, पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची भजनं म्हणणारी. गोकुळाष्टमीला मठातल्या चिपळ्या एका घराकडे जायच्या, त्या पुढच्या अष्टमीपर्यंत. वर्षभर त्या घरचा कर्ता पुढे बसणार, चाल त्याची, मुलांना शिकवायचंही त्याच्याच पसंतीनं. कुणावर अन्याय नको म्हणून पूर्वजांनी घालून दिलेली पद्धत, अगदी न्यायाची. पण झालं काय, दर अष्टमीला नवा कर्ता जुनी चाल मोडून आपल्या घरची चाल लावायचा आणि मुलं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पोरांना एकाच अभंगाचं पहिलं कडवं चार-पाच चालींत येत होतं, आणि दुसरं कडवं एकाही चालीत नाही.

येत्या अष्टमीला मान रघुरामरावांच्या घरी यायचा होता. मागच्या खेपेला वडील, म्हणजे अप्पा, होते. त्यांचा दमा उठलेला, तरी ते पुढे बसले आणि रघुरामराव मागे पेटीवर. तेव्हापासून हा माणूस अप्पांची चाल मनात धरून बसला होता. गोमतीबाईंनी जरीकाठी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणून ठेवली होती. ती ते अधूनमधून उगाच उघडून बघत.

अष्टमीच्या जरा आधी, एकादशीच्या भजनानंतर श्रीविद्या उठली. चंद्रमौलींची ही सून, कॉलेजात शिकवणारी. म्हणाली, "दहा वर्षं चिपळ्या एकाच हातात ठेवू या. चाल एक, शिकवणं एक. आजची लहान मुलं मोठी होतील तेव्हा त्यांना पुरते अभंग येतील. शिकवायला मी बसते, एकही दिवस चुकवणार नाही."

सगळ्यांनी रघुरामरावांकडे पाहिलं. टिकणाऱ्या कारभाराबद्दल बोलावं तर यांनीच. रघुरामरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "म्हणणं बरोबर आहे. पण एकीच्याच हातात सगळं दिलं आणि तीच चुकली तर? माणसं बदलती हवीत." बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच चमकल्यासारखं झालं. हे आपणच बोललो की दुसऱ्या कुणी?

"सकाळी तर वेगळं सांगत होतात," घरी गोमतीबाई म्हणाल्या. "देश वेगळा आणि मंडळी वेगळी," ते म्हणाले. मग देश कुठे संपतो आणि मंडळी कुठे सुरू होते याचा विचार करत अंथरुणावर कूस बदलत राहिले. बदल नको म्हणावं तर आपलं वर्ष जातं, बदल हवा म्हणावं तर आजवरचं बोलणं जातं. काही केल्या उलगडा होईना.

शेवटी मधला मार्ग निघाला: रघुरामरावांचं वर्ष होऊ द्यावं, मग श्रीविद्येची दहा वर्षं. त्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात साईकुमार म्हणाला, "मग पुढचं आमचं घर आहे, तेवढं होऊ दे." त्याच्यामागून सेतू म्हणाला, "आमचंही राहिलंय." योजना उत्तमच आहे, असं प्रत्येक जण म्हणत होता. फक्त आपल्या वर्षानंतर. म्हातारे चंद्रमौली बोटांवर घरं मोजत म्हणाले, "म्हणजे फिरून रघुरामाकडेच आलं की."

अष्टमीला नवी वेष्टी नेसून रघुरामराव पुढे बसले. चिपळ्या हातात आल्या तेव्हा डोळे भरले, उगाच कशाला लपवा. अप्पांची चाल लावली. मुलांनी पहिलं कडवं झकास म्हटलं आणि सगळी थांबून यांच्या तोंडाकडे बघायला लागली. रघुरामरावांनी तोंड उघडलं. चाल आली, शब्द येईनात. येणार कुठून? लहानपणी तेही याच मठात शिकले होते, दर अष्टमीला पहिल्यापासून. पेटीवर बसून जन्म गेला, बोटांना सूर माहीत, पुढचे शब्द कुणी शिकवलेच नव्हते.

त्यांनी चिपळ्या श्रीविद्येपुढे धरल्या. "पुढे तू म्हण." तिनं अभंग शेवटपर्यंत नेला, आणि तोही अप्पांच्या चालीत. मग चिपळ्या परत पुढे केल्या. रघुरामरावांचा हात निम्म्यावर गेला आणि थांबला.

"राहू दे," ते म्हणाले. "दहा वर्षं राहू दे."

साईकुमारनं मान खाली घातली. यांनीच सोडल्यावर तो कुठल्या तोंडानं मागणार? सेतू प्रसादाची ताटं आणायला उठला.

प्रसाद वाटताना श्रीविद्या जवळ आली. "काका, दहा वर्षांनी पहिला मान तुमच्या घराचा." त्यांनी मान हलवली. सत्तरीला टेकलेल्या माणसाला दहा वर्षांनी म्हणजे कधी, हे तिच्या ध्यानात आलं नसावं. घरी गोमतीबाईंनी वेष्टीची घडी घालता घालता विचारलं, "मुलांसाठी सोडलंत की फजिती झाली म्हणून?" ते म्हणाले, "मला कळत नाही गं." खरोखरच त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मणीनं सवयीनं कॉफी पुढे ठेवली आणि विचारलं, "काय सार, सरकार टिकायला हवं ना?"

रघुरामरावांनी कॉफी वाटीत ओतली, परत पेल्यात ओतली. घरी जे बोलता आलं नव्हतं ते इथे तमिळमध्ये सरळ तोंडून गेलं.

"टिकायला हवं, मणी. पण ज्याचं वर्ष जातं ना, त्याला फार लागतं."