पेस्ट लागली म्हणून

मजुरांच्या टोळीत कुणाला ताप आला की कुसाबाईचं निदान ठरलेलं: पेस्ट लागली. द्राक्षाची छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावतात. तिनं अंग भाजतं, डोकं गरगरतं. मग ताक प्यायचं, सावलीत पडायचं. हरसूलहून दिंडोरीच्या बागांत माणसं नेता नेता बाईचे केस पिकले, पण हे निदान कधी चुकलं नव्हतं. तेच वाईट झालं.

सून सविता कुडकुडायला लागली तेव्हाही ताकच आलं. तिच्या बोटाला कात्री लागली होती, पण त्याचं कौतुक कुणाला? छाटणीत कात्री कुणाला लागत नाही! चिंधी गुंडाळून तिनं कामही उरकलं होतं.

“आत्या, लय गार वाजतंय.”

“पेस्ट हाय ती. उतरंल. नखरे नको.”

उतरायचं नाव नाही. सकाळी सविता भलतंच बरळू लागली, तेव्हा कुठे बागायतदाराची जीप निघाली. नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टर आफियाने चिंधी सोडली आणि तिचा चेहराच उतरला. जखमेतलं विष रक्तात भिनलं होतं.

औषधं सुरू झाली. सविताचा नवरा संतोष बाकावर सुन्न बसलेला, त्याला आणि कुसाबाईला आफियाने समजावलं, “अशा दुखण्यात शरीर लढायला रक्तात काही प्रथिनं सोडतं. ती मोजून दुखणं लवकर ओळखता येईल का, हे आम्ही तपासतोय. सविताचं थोडं रक्त घेऊ?”

संतोषने मान डोलावली. कुसाबाई म्हणाली, “घे बाई. त्यानं वाचंल ना ती?”

“त्यानं नाही, मावशी. झाला तर पुढच्यांना उपयोग.”

सविता गेली. तेरावं उरकून कुसाबाई एकटीच एसटीनं पुन्हा दवाखान्यात आली.

“त्या तपासणीनं पहिल्याच दिवशी कळलं असतं का, की ती पेस्ट नाय?”

“कदाचित. अजून खात्रीनं सांगता येत नाही. पण मावशी, कुणी बोट जरी पाहिलं असतं...” आफियाने जीभ चावली.

“थांबू नको. तेच ऐकाया आले.”

यंदाही कुसाबाईने टोळी नेली. पोट थांबतं थोडंच? आता कुणी कण्हलं की ती आधी हात उघडायला लावते.

“म्हातारी हात बघाया लागली! माझ्या नशिबात काय हाय, सांग की,” टोळीतली मंगलाबाई खिदळली.

कुसाबाई हसली नाही. एकेक बोट उलगडत राहिली.