अर्नाळ्याला बाबा असतात

आमच्या वर्गातल्या मुली सुट्टीत महाबळेश्वरला जायच्या, एकीचे काका तर सगळ्यांना उटीला घेऊन गेले होते. आम्ही अर्नाळ्याला जायचो. नालासोपाऱ्याच्या माणसानं सुट्टीला अर्नाळ्याला जायचं म्हणजे स्वयंपाकघरातून उठून बाल्कनीत जाऊन बसायचं, असं बाबाच म्हणायचे. आमच्या आचोळ्याहून रिक्षानं विरार, तिथून एसटी, की आलं अर्नाळा. आमच्या बिल्डिंगमधली माणसं रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची. आम्ही मात्र बॅग भरून, शेजारी किल्ली देऊन, कुंड्यांना पाणी घालायला सांगून जायचो.

कारण साधं होतं. मी आठवीत असताना बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हा आमच्याकडे डायलिसिसची सोय नव्हती, मुंबईला जावं लागे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. मंगळवारी यंत्रानं रक्त धुऊन दिलं की बुधवार आणि गुरुवार माणूस माणसासारखा असायचा. आमची सगळी सुट्टी त्या दोन दिवसांत बसायची. त्यात अर्नाळाच मावत होतं.

बाबांना काय चालत नाही हे सांगण्यापेक्षा काय चालतं हे सांगणं सोपं. मीठ नाही. डाळ नावापुरती. बटाटा खायचाच तर चिरून, भिजवून, दोनदा उकळून, दोन्ही वेळचं पाणी फेकून. केळं नाही, आणि हे वसईत, जिथे कुणाच्याही घरी गेलं की आधी केळ्यांचा फणा पुढे येतो. शहाळं तर विषच. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक माणूस शहाळं घेऊन येतो. शहाळ्यानं यांचं हृदय बंद पडेल, असं आई दारातच सांगायची, तरी पाहुणे म्हणायचे, अहो, नैसर्गिक असतं ते. आमच्या मजल्यावरची पोरं बाबांच्या शहाळ्यांवर धष्टपुष्ट झाली.

आणि पाणी. दिवसभरात मिळून एक लिटर, त्यात चहा धरायचा, आमटी धरायची, गोळ्यांबरोबरचा घोटही धरायचा. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, ते छातीत साचतं. आई जवळ एक फुलपात्र ठेवायची आणि त्याच्या मापानंच सगळं चालायचं. बाबा कधी कधी बर्फाचा खडा तोंडात धरून डोळे मिटून बसायचे. तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

अर्नाळ्याला एका कोळी बाईची खानावळ होती. सुरूच्या झाडांखाली पत्र्याची शेड, चार टेबलं आणि मागे भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या. शेजारी बांबूंवर बोंबील सुकत घातलेले असायचे आणि त्या वासानं बाबांचा जीव जायचा. खारवलेलं काहीच चालत नव्हतं. पहिल्या वर्षी आई सरळ तिच्या चुलीपाशी गेली आणि तिला सगळं समजावून सांगितलं. बाई शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हंजे साहेबाला जेवन द्यायचं, पन चव नाय द्यायची."

पण तिनं दिलं. पापलेटचा एक तुकडा बिनमिठाचा, नुसता आलं-लसूण लावून तव्यावर. भात. पाणी काढलेली भाजी. पुढच्या वर्षापासून सांगावंही लागलं नाही. मी तिला मावशी म्हणायला लागले. एकच शिस्त तिला जड जायची. जेवायला बसलेल्या माणसाचा पेला रिकामा ठेवायचा नाही, ही तिची सवय. ती तांब्या घेऊन आली की आई बाबांच्या पेल्यावर हात ठेवायची. मावशीचा तांब्या हवेतच थांबायचा, मग ती मान खाली घालून माझा पेला भरायची.

बाबांनी यातून एक खेळ काढला होता. फळ्यावरची यादी ते मोठ्यानं वाचायचे, तळलेले बोंबील माझ्यासाठी मागवायचे आणि म्हणायचे, "खा आणि सांग." मी सांगायची. वरचं कुरकुरीत आहे, आत लोण्यासारखं आहे, मीठ जरा जास्त पडलंय. "जास्त म्हणजे किती? पापडाइतकं की लोणच्याइतकं?" मी चिडायची. मला भूक लागलेली असायची आणि हा माणूस एकेका घासाची चौकशी करायचा. आज मी कुठेही जेवायला बसले की पहिल्या घासाबरोबर मनातल्या मनात सांगायला लागते. नवऱ्याला वाटतं मी अन्नाला नावं ठेवतेय. मी त्याला कधी सांगितलं नाही की कुणीतरी ऐकत असतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबा गेले. सोमवार होता. छातीत पाणी भरलं म्हणून दुपारी हॉस्पिटलात नेलं, डायलिसिस दुसऱ्या दिवशी सकाळी लावणार होते. ते पाणी मागत होते. डॉक्टरांनी घोटभरसुद्धा द्यायचं नाही असं बजावलं होतं. आई कापूस भिजवून ओठांना लावत होती. बाबा म्हणाले, "एकदा पोटभर दे गं." आई म्हणाली, "उद्या डायलिसिस झालं की देते. पोटभर देते." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास ते गेले. मग आत्या पुढे झाली आणि पिशवीतून गंगाजलाची कुपी काढून तिनं त्यांच्या तोंडात चमचाभर ओतलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर आलं. आईनं नर्सकडे बघून विचारलं, "आता चालतं का?"

नर्सनं चादर वर ओढली. आई रडली नाही. तिनं घरून आणलेला डबा धुऊन पिशवीत ठेवला. दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हाही रडली नाही. बायका आपसात म्हणायच्या, एवढी वर्षं केलं, आटली बिचारी. आत्यानं तिचं मंगळसूत्र काढून घेतलं, डब्यात ठेवलं, कुंकवाची डबी कपाटात वरच्या फळीवर ढकलली.

पुढच्या मे महिन्यात आई म्हणाली, अर्नाळ्याला जाऊन येऊ. आता मंगळवार-शुक्रवारचं बंधन नव्हतं. आठवडाभर जाता आलं असतं, कुठेही. आईनं बुधवार आणि गुरुवारच धरले. विरारच्या एसटी स्टँडवर आल्यावर ती खांबाकडे तोंड करून उभी राहिली. पर्समधून मंगळसूत्र काढून तिनं गळ्यात घातलं, छोट्या आरशात बघून लाल टिकली लावली आणि पदर नीट केला. मी बघत राहिले. "तिथं उगाच चौकशा होतात," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

खानावळीत आम्ही नेहमीच्या टेबलाशी बसलो. मावशी तीन ताटं घेऊन आली. तिसरं बिनमिठाचं. खुर्चीसमोर ठेवत तिनं विचारलं, "साहेब कुटं?"

"पाय धुतायत," आई म्हणाली. "वाळू लागली पायांना. येतीलच."

शेडच्या मागे नळ होता. समुद्रावरून येणारे सगळे तिथेच पाय धुवायचे. त्याच वेळी नळ सुरू असल्याचा आवाज येत होता. कुणीतरी खरोखरच पाय धूत होतं. मला माहीत होतं की मुंबईहून आलेलं कुणी असणार, तरी मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं आणि ते नसते तर वाईट झालं असतं. असते तर काय झालं असतं, हा विचारही माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. नळ बंद झाला. आम्ही दोघी ताटांकडे बघत बसलो. मावशी दुसऱ्या टेबलांत गुंतली होती. मग आईनं आपलं ताट बाजूला सारलं, बाबांचं पुढे ओढलं आणि सगळं खाल्लं, तुकडान् तुकडा.

मला तिचा भयंकर राग आला. घरी परतल्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिनंही विचारलं नाही का ते.

दुसऱ्या वर्षी बाबा खोलीवर पडले होते. "बरं वाटत नाही त्यांना," आईनं सांगितलं. मावशीनं ताटावर झाकण घालून ते माझ्या हातात दिलं. ते घेऊन मी सुरूच्या सावलीतून खोलीपर्यंत गेले. आई मागून येत होती. दार उघडून मी आधी खाटेकडे बघितलं, हे मला आजही कबूल करायला लाज वाटते. खाटेवर आमची बॅग होती. "ठेव तिथं," आई म्हणाली. ताट संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. मग तिनं मुंग्या झटकून गार भात खाल्ला.

तिसऱ्या वर्षी बाबा आचोळ्याला होते आणि बरे होते. पुन्हा ऑफिसला जायला लागले होते, म्हणून येता आलं नव्हतं. मावशी एकदम खूश झाली. "देव पावला गो," म्हणाली. "पुढल्या वर्सी मीठ घालून सुरमई देते त्याला." आई हसली. तशी हसताना मी तिला घरी बघितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर किनाऱ्यावर मी तिला गाठलंच. म्हटलं, तुला वेड लागलंय का? कुणाला फसवतेस तू? त्या बाईला की मला? बाबा गेले. तू तिथे होतीस, मीही होते. ती वाळूत बसली. मग म्हणाली, "घरी गेलेत ना ते. ऑफिसच्या कागदावर गेलेत, रेशनकार्डावर गेलेत. अर्नाळ्याला असू देत की. तुझं काय जातं?"

माझं काही जात नव्हतं. पण ते एकदा नळावर होते, मग खोलीत, मग आचोळ्याला. दरवर्षी ती त्यांना थोडं लांब सोडून येत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त दिसत होतं की आपली आई बिनमिठाचं अन्न खाते आणि खोटं बोलते.

चौथ्या वर्षी विरारच्या स्टँडवर मी खांबाजवळ जाऊन तिला आडोसा करून उभी राहिले. ती आलीच नाही. बसच्या रांगेत उभी होती. पर्स काखेत, बंद.

मावशीनं आम्हाला लांबूनच बघितलं. जवळ आली तशी तिची नजर आईच्या कपाळावर गेली, मग गळ्यावर. हातातला तांब्या तिनं टेबलावर ठेवला आणि ती बाबांच्याच खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत ती आमच्यासमोर कधी बसली नव्हती.

"कदी?" तिनं विचारलं.

"मागच्या महिन्यात," आई म्हणाली.

मावशीनं आईचा हात धरला आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली. रडता रडता ती म्हणाली, "मी पाप केला गो. माझ्या दारात येवडी वर्सं जेवला, पन मी त्याचा पेला कदी भरला नाय. तू हात ठेवायचीस ना, मी भरलाच नाय." मग डोळे पुसून तिनं आईकडे सरळ बघितलं. "जाताना तरी पानी दिलंस ना?"

चार वर्षं हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. आत्यानं नाही, मी नाही. आम्ही तिथे होतो, आम्हाला उत्तर माहीत होतं. ती टेबलावरच्या तांब्याकडे बघत होती. मला वाटलं, ही आता खरं सांगणार आणि इथेच मरणार.

"दिलं," मी म्हटलं. "पोटभर दिलं. आईनं डोकं वर धरलं होतं आणि मी पेला लावला."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. "किती पेले?"

"दोन. दुसरा सगळा नाही संपला. पुरे म्हणाले."

आईनं माझ्याकडे बघितलं, आणि मग ती रडली. हॉस्पिटलात, घरात, बायकांमध्ये जे रडली नव्हती ते सगळं, त्या पत्र्याच्या शेडमध्ये, परक्या माणसांसमोर, मोठ्यानं. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी उठून दोघींच्या मध्ये उभी राहिले. जेवण झालं नाहीच. त्याच दुपारी आम्ही घरी परतलो.

नंतर आम्ही अर्नाळ्याला गेलो नाही. मी वसईतच गोखिवऱ्याला सासरी आले, आई आता माझ्याकडेच असते. अलीकडे तिला पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वयानं होतं. दुपारी जेवून पडली की कधी कधी मला हाक मारते आणि विचारते, "ते पोटभर प्यायले ना गं?"

"हो," मी म्हणते. "दोन पेले."

"दुसरा सगळा नाही संपला," ती म्हणते आणि कुशीवर वळून झोपते.