कयाधूच्या वाळूतील चाळीस टरबुजे

मे महिन्यात हिंगोली जिल्ह्यात फिरायला जावे, असे कोणताही विवेकी मनुष्य सुचवणार नाही. मीही सुचवत नाही. मला तेथे एका व्यक्तीपुढे कबुली द्यायची होती, आणि त्या कबुलीला पन्नासहून अधिक वर्षांचा विलंब झाला होता.

सोळाव्या वर्षी मी मॅट्रिकला नापास झालो. वडिलांशी बोलणे बंद झाले, तेव्हा आईने मला आखाडा बाळापूरजवळ, कयाधूकाठी मामांच्या गावी पाठवले. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातील वाळूत टरबुजांच्या वाड्या लागत. एका वाडीवर रुक्मिण होती, माझ्याच वयाची. वाळूत खणलेल्या झिऱ्यातले पाणी वेलांना घालता घालता ती मला बोलते करी. ‘नापास’ या शब्दापलीकडे माझ्यात काही असावे, अशी शंका मला प्रथम तेथे आली. दुपार कलण्याची मी वाट पाहू लागलो.

एकदा मी एका कोवळ्या फळाकडे बोट दाखवले. ती ओरडली, “बोट मोडून दाखव! न्हाई तर फळ नासतं.”

“काहून?” मी तिच्याच बोलीत चिडवले.

“काहून म्हंजी? नासतं!”

हे कारण मला पुरेसे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी, वाडीवर कोणी नसताना, मी चाळीस फळांना एकेक करून सरळ बोट दाखवले. आठवड्यात तीन नासली. चाळिसांत तीन म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, हे माझे मत आजही कायम आहे. पण तिच्या बापाने तिलाच धरले. “एवढी घोडी झाली, तरी बोट आवरंना?” मी शेजारी गप्प उभा राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडले.

यंदा हिंगोलीहून सकाळची एसटी धरली. ज्येष्ठांना अर्धे तिकीट. कळमनुरीला चहा-भजी, बाळापूरहून पुढे ऑटो. पाणी सोबत असू द्यावे. नदीत आता वाळू फारशी नाही. टरबुजे शेतात, प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पिकतात. मामेभावाने सांगितल्याप्रमाणे रुक्मिण सडकेला टरबुजे विकत बसली होती.

“तू त्यो नापास झालेला भाचा न्हाई का?”

“पुढे पास झालो.”

“बरं झालं बाई. मी काळजीच करून राहिले व्हते!”

मी कबुली दिली. शक्य तितक्या कमी शब्दांत.

“मला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “वाळूत तुझ्या चपलांचे ठसे व्हते. फळाफळापाशी थांबलेले.”

“मग बापाला सांगितले का नाहीस?”

“सांगितलं असतं, तर तुला पुन्हा वाडीवर येऊ देलं असतं का?” तिने एक टरबूज उचलून टिचकी मारून पाहिले. “अन् तू तर आलाच न्हाईस.”

तिने ते टरबूज माझ्या हाती दिले. “कच्चं निघालं तर परत आण.”

घरी येऊन कापले. लालभडक निघाले. म्हणजे परत जाण्यास कारण उरले नाही, आणि कारणाशिवाय मी आयुष्यात कुठेही गेलेलो नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो आहे.