तानी सुटून येते तेव्हा

माहीम गावातल्या शालूने वाचनालयातून ते पुस्तक आणलं ते दुपारी जरा डोळा लागावा म्हणून. कसला डोळा लागतोय! चार वर्षं तुरुंगात काढलेल्या एका बाईने स्वतःची हकिकत लिहिली होती. त्यातली एक कैदीण दर भेटीच्या दिवशी वेणी घालून बसायची आणि संध्याकाळी ती सोडून टाकायची. पुरुषांना भेटायला आया येतात, बायका येतात. हिला बघायला काळं कुत्रंही फिरकत नव्हतं.

शालूला तानीच आठवली. ही तानी बारा वर्षं त्यांच्या पानवेलीत, विड्याच्या पानांच्या मळ्यात, पानं खुडत होती. दारुड्या नवऱ्याशी झटापट झाली, तो पडला तो उठलाच नाही, आणि तिला पोलीस घेऊन गेले. तिला भेटायला जावं, हे घरात एकालाही सुचलं नव्हतं. शालूलासुद्धा नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात तानीचा भाऊ मंगळ्या वाडीत आला.

"वैनी, तानीला जामीन झाला. शुक्रवारी सुटतंय. पन पाड्यावर कोन घेत नाय. तुमी ठेवाल?"

शालू "हो" म्हणून बसली आणि मग तिला पानवेल आठवली. पानवेल म्हणजे देव्हाराच की! विटाळाची बाई तिथे पाऊल टाकत नाही. तुरुंगातून आलेली बाई आत शिरली आणि वेल जळली, तर सगळं खापर शालूच्याच डोक्यावर. गेल्या वर्षी रोगाने अर्धी वेल गेली होती, ती भीती अजून घरातून गेली नव्हती. नवरा शैलेश तर सरळ म्हणाला, "आईला तूच सांग बाई. मी नाय मधे पडनार."

सासूला, माईंना, अलीकडे नीट दिसत नसे. शालूने तोंडी काही न सांगता तेच वेणीचं पान वाचून दाखवलं आणि मग हळूच तानीचं नाव काढलं. माईंनी हातानेच तिला थांबवलं.

"पुरे. बंद कर ते."

झालं! याचा अर्थ काय काढायचा? शुक्रवारपर्यंत शालू तेच मनात घोळवत राहिली.

तानी आली ती मंगळ्याच्या मागे, मान खाली घालून. किती वाळली होती! कुंपणाबाहेरच थांबली. "वैनी, मी भायेरच बसतंय. पानं आनून द्या, गड्ड्या बांधीन."

शालू कुंपणापर्यंत आली आणि अडली. 'ये' म्हणावं तर आत माई होत्या, आणि न म्हणावं तर ही जाणार कुठे?

तेवढ्यात वेलीतून माईंचा खणखणीत आवाज आला. "बाहेर काय उभी राहिलीस गो? चपला काढ नि आत ये. पानं कोन खुडनार?"

तानीने मागे वळून पाहिलं, माई कुणाला बोलावतायत म्हणून. मागे कुणीच नव्हतं.

"तुलाच गो," शालू म्हणाली आणि रडू लागली.